तापीचं मनोगत लिहिण्याआधी

वही उघडीच राहू दे. पेन खाली ठेव. घाई नाही.

‘नदीचे मनोगत’ हा विषय फळ्यावर आला तेव्हा तुझ्या मनात जे उमटलं, ते आधी नीट ऐकू. नदी काही बोलत नाही, हे सरांनाही ठाऊक आहे. ‘मी खळखळ वाहते, मी सर्वांची माता’ अशा चार ओळी गाइडमधून उतरवल्या की मार्क पडतात, मग डोकं कशाला शिणवायचं?

हे वाटणं दडपू नकोस. त्याच्यापाशी थोडं बस. राग नक्की कशाचा आहे? नदीचा? लिहिण्याचा? की दुसऱ्याचं वाक्य आपल्या तोंडी घ्यावं लागतंय, त्याचा? मला वाटतं, या शेवटच्याचा. आणि तो राग खरा आहे. ज्याला खोटं वाक्य टोचतं, त्यालाच खरं वाक्य ओळखता येतं.

एक सावकाश श्वास घे. आता गाइडमधली नदी जाऊ दे, तुझी नदी बघ.

सुरतेतल्या सिंगणपोरच्या कॉजवेवर मनानं उभा राहा. एका बाजूला अडवलेलं गोडं पाणी, शहर जे पितं ते. दुसऱ्या बाजूला खाडीचं पाणी. समुद्राला भरती आली की ते चढतं, ओहोटीला उतरतं. म्हणजे सुरतेत तापी काही वेळ उलटी चालते. गाइडमधली कुठलीच नदी उलटी चालत नाही. इथे थांब. घाटावरचा चिखल, त्याचा वास, जलपर्णी, काठावरच्या इमारती, जे खरोखर पाहिलंयस तेवढंच आठव. सुंदर नसलं तरी चालेल.

आता पाण्याच्या उलट वर जा. उकाईचं धरण, १९७२ मध्ये पूर्ण झालेलं. मग प्रकाशा, मग भुसावळ, आणि पार मुलताई, जिथे ती उगम पावते. या वाटेवर कुठे तुझ्या आजोबांचं गाव आहे का? खानदेशातली कितीतरी घरं याच दिशेनं, भुसावळ-सुरत गाडीत बसून, सुरतेच्या लिंबायत-उधन्याला कापडाच्या लूमवर कामाला आली. पप्पा बारा तासांच्या पाळीवरून आल्यावर घरातही मोठ्यानं बोलतात. लूमच्या खडखडाटात तसंच बोलावं लागतं. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी-गुजराती, शाळेत प्रमाण मराठी. एवढ्या भाषा ज्याच्या कानांत आहेत, त्यानं गाइडपुढे हात पसरावा याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याच नदीच्या खोऱ्यात, जळगावजवळच्या असोद्याला, १८८० मध्ये बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात राबताना, जात्यावर दळताना ओव्या सुचायच्या. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या आणखी एकानं त्या टिपून ठेवल्या. त्यांचं पुस्तक निघालं १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. आणि तुझ्या सुरतेत जन्मलेल्या कवी नर्मदनं १८५८ मध्ये शिक्षकाची नोकरी सोडली, लेखणीवर जगायचं ठरवलं. १८६६ मध्ये त्यानं स्वतःची हकीकत लिहिली, आपल्या उणिवा न झाकता. त्याच्या मोठेपणाचं दडपण घेऊ नकोस. एवढंच बघ, की बहिणाबाईंनी आणि त्यानं जवळ होतं तेच घेतलं.

पुन्हा तुझ्या वहीकडे ये.

नदी बोलत नाही असं तुला वाटतं ना? मग तेच पहिलं वाक्य लिही. ‘तापी बोलत नाही.’ दुसऱ्या वाक्यात ती काय करते ते लिही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचे दरवाजे उघडले आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. तेव्हा तू जन्मला नव्हतास. आई नाहीतर शेजारच्या काकू, जी तेव्हा इथे होती तिच्याजवळ जाऊन बस. पाणी कुठवर आलं होतं, आधी काय उचललं, काय राहून गेलं, एवढंच विचार. मध्ये बोलू नकोस. ती थांबली तर तूही थांब.

ती अहिराणीत सांगेल तर अहिराणीतच उतरवून घे. व्याकरण उद्या पाहू.