जटायूला सबब होती

येडशीच्या रामलिंगाला श्रावणात रीघ लागते. दरीतल्या या महादेवाच्या आवारात जटायूची समाधी दाखवतात. सीतेला नेणाऱ्या रावणाशी झुंजून तो इथेच कोसळला आणि रामाने बाण मारून त्याच्यासाठी पाणी काढले, अशी श्रद्धा आहे. नाशिककडे टाकेदही हाच मान सांगते. जटायू आपल्या गावचा वाटावा, असे दोन्हीकडच्या लोकांना मनापासून वाटते, हे मला फार मोलाचे वाटते.

कारण अंग काढून घ्यायला त्याच्याइतक्या खऱ्या सबबी कुणापाशी नसतील. वाल्मीकींचा जटायू स्वतःच सांगतो : मी म्हातारा, तू तरुण, तुझ्यापाशी रथ, धनुष्य, कवच. हरणार हे त्याला दिसत होते. झाडावर डोळे मिटून बसला असता, तर कुणी जाब विचारला नसता. तरी तो आडवा गेला. पंख छाटले गेले, सीता सुटली नाही. पण राम आला तेव्हा रावणाने तिला दक्षिणेकडे नेले, हे सांगायला तोच उरला होता. शोधाला दिशा मिळाली ती या हरलेल्या म्हाताऱ्याच्या साक्षीमुळे.

आणि आपण साक्षीलाच सर्वांत जास्त घाबरतो. येडशीवरून सोलापूर-धुळे महामार्ग जातो. अशा रस्त्यावर कुणी रक्तबंबाळ पडलेला दिसला की गाडीचा वेग क्षणभर मंदावतो, मग वाढतो. ‘नसतं लचांड कशाला? पोलीस, कोर्ट, हेलपाटे...’ ही भीती पूर्वी अगदीच खोटी नव्हती; मदत करणाऱ्यालाच तासन्‌तास बसवून ठेवल्याचे अनुभव लोकांनी घेतले आहेत. पण 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आले. जखमीला सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर त्याच्या इजेचा वा मृत्यूचा ठपका ठेवता येत नाही. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचे की नाही हेही त्याच्याच मर्जीवर.

म्हणजे आता उरतो तो फक्त आपला कंटाळा, उशीर होण्याची काळजी आणि गाडीचे सीट खराब होईल ही धास्ती. रामलिंगाला हात जोडून परतणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे : वाटेत कुणी पडलेला दिसला, तर गाडी बाजूला घ्या, 108 ला फोन लावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्याजवळ थांबा.