कवचातली फट

परगावी शिकायला निघालेल्या लेकीच्या मोबाइलसाठी मी अ‍ॅल्युमिनियमचे कवच योजले आहे. ड्रॉइंग माझे, कोरून देणार पनवेलचा एक मिलिंग मशीनवाला. कवच भक्कम हवे, हे खरेच. पण चहूकडून धातूने वेढलेल्या जागेत बाहेरच्या विजेचा परिणाम पोचत नाही, हे फॅरेडेने १८३६ साली दाखविले. रेडिओलहरीही तशाच अडतात. म्हणून अँटेनापाशी धातू कापून प्लॅस्टिक बसवावे लागते. कवचाची दुबळी जागा तीच, आणि माझी हाक लेकीला पोचायची तीही तेथूनच.

मुलांना जपताना अशी जागा आपण आईबाप ठेवतो का? धक्का लागू नये म्हणून जगाची हाकच अडवावी, याला माया म्हणावे की भीती? दिवाळीचा किल्ला करणारी पोरे तटाला दरवाजा ठेवतात, आणि तरीही त्याला किल्लाच म्हणतात.