‘अ‍ॅडिक्ट’ म्हणजे कोण?

आपली शिकलेली मुले ‘मी चहाचा अ‍ॅडिक्ट आहे’ असे कौतुकाने सांगतात. ‘मला चहाचे व्यसन आहे’ म्हणताना मात्र जीभ अडते. व्यसन म्हटले की गुत्ता आठवतो, गहाण पडलेली भांडी आठवतात. इंग्रजी शब्दाला तो वास नाही. पण त्याचे मूळ पाहा. प्राचीन रोममध्ये कर्ज न फेडणाऱ्या ज्या ऋणकोला न्यायाधिकारी सावकाराच्या ताब्यात देई, त्याला लॅटिनमध्ये ‘अ‍ॅडिक्टस’ म्हणत. वेठबिगार भोगलेल्या घरांतील मुलांनी हा शब्द मिरवावा, याचे नवल वाटते. चहा आवडतो, तर ‘आवडतो’ म्हणावे. पण पंचशील घेतलेल्या घरात बापाच्या दारूलाही आपण ‘हॅबिट’ म्हणू लागलो, तर आईने तक्रार तरी कोणत्या शब्दात करावी?