भगीरथाचं काम

‘एकच प्याला’ या नाटकात दारूत बुडालेल्या सुधाकरच्या भल्यासाठी झटणाऱ्यांची वाण नाही. जीव टाकणारी सिंधू आहे, समजावणारा रामलाल आहे, बहिणीचे हाल बघून पेटून उठणारा पद्माकर आहे. त्याला प्यायला लावणाऱ्या तळीरामाकडे मात्र अख्खं आर्यमदिरामंडळ! पिणाऱ्याला मंडळ आणि सोडू पाहणाऱ्याला उपदेश, असा हा सामना. गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ मध्ये नाटक रंगभूमीवर आलं. बालगंधर्वांच्या सिंधूसाठी प्रेक्षक रडले, आणि त्या रडण्यात एक पात्र थोडं विसरलंच गेलं. भगीरथ. तोही त्या मंडळातलाच, पण तो सुटतो. सुधाकरला सावरायचं ओझं मात्र नाटक मुख्यतः रामलाल आणि सिंधूच्या खांद्यावर ठेवतं. भगीरथाला त्या कामी लावावं असं कुणाच्या मनात येत नाही.

ते मनात आलं १९३५ मध्ये, अमेरिकेतल्या ॲक्रन गावी. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस धंद्याच्या कामासाठी तिथे गेला होता. काम फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. दारू सुटून जेमतेम काही महिने झाले होते. त्याने चर्चच्या लोकांना फोन लावले आणि मागितलं काय, तर बोलायला एखादा दारुडा. मदत करणारा नव्हे. अशा रीतीने त्याची गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. पंधराच मिनिटं देईन म्हणून आलेले डॉक्टर काही तास बसले. कारण समोरचा माणूस त्यांना सुधारायला आला नव्हता, स्वतः तगायला आला होता.

पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. त्या भेटीनंतरही डॉक्टर एका परिषदेला गेले आणि भरपूर पिऊन परतले. लगेच एक शस्त्रक्रिया करायची होती. हात थरथरू नयेत म्हणून त्या सकाळी त्यांना बिअरची बाटली दिली ती विल्सननेच. ती त्यांची शेवटची. तो दिवस, १० जून, ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चा स्थापनादिन मानला जातो. एखाद्या चळवळीचा वाढदिवस घसरणीच्या दुसऱ्या टोकाला असावा, हे आपल्या शपथप्रिय समाजाला जरा जडच जाईल.

आपल्याकडची औषधं ठरलेली. आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ, नाहीतर दारूबंदीचा कायदा. वर्धा, गडचिरोली, मग २०१५ ते २०२१ चंद्रपूर. कायद्यावर भांडणं पुष्कळ झाली, ती इथे नकोत. माळ घालणं मात्र वेगळं. माळ घालून सुटलेले लोक गावोगाव दिसतात, आणि त्याचं श्रेय एकट्या निग्रहाला देऊ नये. माळेमागे दिंडी असते, एकादशी असते, विचारपूस करणारे माळकरी असतात. शपथ माणूस एकटा घेतो आणि एकटाच मोडतो.

भारतात ‘एए’ १९५७ मध्ये आलं. मीटिंगची जागा बहुधा उसनी: चर्चचा हॉल, शाळेचा वर्ग. सभासदत्वाची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. सुटलेली असली पाहिजे असं नाही. माणूस पहिलं नाव सांगतो, ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणतो आणि बोलू लागतो. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. बाटली फ्लशच्या टाकीत लपवल्याचं कुणी सांगतं, पगाराच्या दिवशी घरी जायची वाट कशी लांबायची ते दुसरा सांगतो, आणि खोली खदखदून हसते. नवख्याला हे हसू खटकतं. घरात ज्यावर रडारड झाली त्यावर हसतात कसे? पण ते ओळख पटल्याचं हसू असतं. रामलालला ते कधीच हसता आलं नसतं. शेवटी डबा फिरतो, ज्याला जमेल त्याने टाकावं. बाहेरची देणगी संघटना घेत नाही.

‘एए’मधली प्रार्थना आणि ‘आपल्याला उमगेल तो परमेश्वर’ अनेकांना टोचतात. आक्षेप खोटा नाही. पण २०२० मध्ये वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत, रुग्णाला पद्धतशीरपणे या गटांशी जोडून देणारे उपचार इतर मान्य उपचारांपेक्षा सरस दिसले. अर्थात ग्रुप म्हणजे दवाखाना नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. तिथे आधी डॉक्टर. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राने दोन्ही सांधलं. पुलं-सुनीताबाईंच्या मदतीने सुनंदा आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये ते उभं केलं, आणि तिथे उपचार घेऊन सुटलेलेच पुढे कार्यकर्ते, समुपदेशक झाले. भगीरथाला अखेर नोकरी लागली म्हणायची!

ग्रुप शोधणं फारसं अवघड नाही. हेल्पलाइनवर फोन उचलणारा बहुधा स्वतः कधीकाळी पिणाराच असतो. ‘ओपन’ मीटिंगला घरचेही बसू शकतात, ‘क्लोज्ड’ फक्त पिण्याचा प्रश्न असणाऱ्यांची. गावात कुणी ओळखेल ही धास्ती असेल तर दोन स्टेशनं पलीकडच्या ग्रुपला जावं, बरेच जण तेच करतात. एक रुचला नाही तर दुसरा. प्रत्येक खोलीचा स्वभाव निराळा. घरच्यांसाठी विल्सनच्या पत्नीने, लोइसने, १९५१ मध्ये ‘अल-अनॉन’ उभं केलं.

मात्र जिचा स्वतःचाच पिण्याचा प्रश्न आहे, अशा बाईची कुचंबणा अजून संपलेली नाही. पुरुषांनी भरलेल्या वर्गात एकटीने उठून बोलायचं, आणि तेही दारूबद्दल! मोबाइलवरच्या मीटिंगांनी निदान ऐकण्याची सोय केली. पण बायकांचे वेगळे ग्रुप जागोजागी निघायला हवेत, आणि ते चालवायला लागतील आधी सुटलेल्या बायकाच.