डिसेंबरचा निकाल आणि फेडायचा शब्द

मार्गशीर्ष पौर्णिमेला चौलच्या डोंगरावर दत्तजयंतीचा उत्सव होतो आणि तिथून पुढे पाच दिवस यात्रा चालते. कोणी दर्शनाला येतं, कोणी पायथ्याच्या दुकानांतल्या मिठाईसाठी, कोणी नवस फेडायला. २०२४ साली ही पौर्णिमा १४ डिसेंबरला आली. त्याच सुमारास अमेरिकेतल्या नामांकित महाविद्यालयांचे ‘अर्ली डिसिजन’चे निकाल लागत होते आणि पुणे, दुबई, मस्कत, सिंगापूर अशा ठिकाणच्या मराठी घरांत सतरा-अठरा वर्षांची मुलं लॅपटॉपसमोर बसली होती. शब्द त्यांनीही देऊन ठेवला होता. निकाल ‘हो’ असेल तर तो फेडायचा होता.

व्यवहार समजायला सोपा आहे. इतरांचे अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला जातात, ‘अर्ली डिसिजन’चा १ नोव्हेंबरच्या आसपास. इतरांना मार्चअखेरपर्यंत थांबावं लागतं, याचा निकाल डिसेंबरच्या मध्याला. मात्र असा अर्ज एकाच महाविद्यालयाला करता येतो आणि सोबत एक करारपत्र जोडावं लागतं: तुम्ही घेतलंत तर मी येणारच, बाकीचे सगळे अर्ज मागे घेईन. त्यावर सह्या तीन. विद्यार्थ्याची, पालकाची आणि शाळेच्या समुपदेशकाची. घरोघरी याला ‘ईडी’ म्हणतात. महाराष्ट्रात हे नाव कानावर पडून एखादे आजोबा दचकले तर त्यांचा दोष नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांचा लवकरचा अर्ज असा बांधून घेत नाही. डार्टमथ, ब्राउन, अॅमहर्स्ट, बोडन यांचा घेतो.

चौलच्या यात्रेकरूला हे करारपत्र वाचून दाखवलं तर तो म्हणेल, हा तर नवस. ‘अमुक झालं तर तमुक करीन’ हीच त्याची घडण. मागणं पुरं झालं नाही तर बोलणारा मोकळा. पुरं झालं की मग माघार नाही. नवस बोलायला कोणी सांगितलेलं नसतं, ही त्यातली खरी मेख. पूर्वमीमांसेतही हाच विचार येतो: फळाच्या इच्छेने करायचं कर्म करावं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण एकदा आरंभलं की ते पुरं केलंच पाहिजे. ‘ईडी’चीही कोणावर सक्ती नाही. म्हणूनच ती मोडणाऱ्याला ‘मला भाग पाडलं’ असं म्हणण्याची सोय उरत नाही.

पण नवस बोलणाऱ्याला निदान आपण काय देणार हे ठाऊक असतं. नारळ, पेढे, अनवाणी डोंगर चढणं. सतरा वर्षांचं पोर सही करतं तेव्हा काय देऊ करत असतं? चार वर्षं, आणि आईबापांचे किती पैसे ते अजून कळायचं असतं. अशा अनेक महाविद्यालयांचा वर्षाचा एकूण खर्च आता नव्वद हजार डॉलरच्या वर गेला आहे, म्हणजे पाऊण कोटी रुपयांच्या घरात. मदत किती मिळेल ते निकालासोबत किंवा त्यानंतर कळतं. किंमत न कळता दिलेला शब्द माणसाला बांधतो का, हा खरा प्रश्न आहे, आणि तो प्रवेशपरीक्षांहून पुष्कळ जुना आहे.

योगायोग असा की हा प्रश्न महाराष्ट्रात अर्जाच्या मुदतीच्या आसपासच दरवर्षी साजरा होतो. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरलाच होतं आणि दुसऱ्या दिवशी बलिप्रतिपदा. बळीने तीन पावलं जमीन देऊ केली तेव्हा त्याने पाऊल पाहिलं होतं बटूचं. शुक्राचार्यांनी त्याला सावध केलं. भागवतात तर ते स्पष्ट सल्ला देतात की असा शब्द मोडला तरी चालेल, माणसाचं सर्वस्व जात असेल तर खोटं बोलण्याला निंद्य मानू नये. बळी ऐकत नाही, आणि आपल्या शेतकऱ्याने शतकानुशतकं बळीचं राज्य येवो म्हटलं, शुक्राचार्यांचं नव्हे. लोकांचा कौल इतका स्वच्छ आहे. तरीही शुक्राचार्यांची बाजू उडवून लावण्यासारखी नाही. पाऊल किती मोठं होणार हे ज्याला ठाऊक होतं त्याने ते सांगितलं नव्हतं. बळी राजा होता, त्याला सर्वस्व देणं परवडलं. ज्याच्याकडे एकच घर आणि त्यावर कर्ज, त्याला बळीचं उदाहरण देणं सोपं असतं.

चौलच्या याच किनाऱ्यावर या प्रश्नाचा दुसऱ्या बाजूने विचार केलेली माणसंही राहत आली आहेत. चौल, रेवदंडा, नवगाव, अलिबाग हा बेने इस्रायल या ज्यू समाजाचा जुना मुलूख. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले, तरी रेवदंड्याचं आणि अलिबागचं सिनेगॉग उभं आहे. त्यांच्यातही नवस आहे. इच्छा पुरी झाली की मलिदा करायचा: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, आणि एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचं स्मरण. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याचा ‘टापा’ दाखवतात. स्वर्गात जाताना त्याच्या रथाची खूण खडकावर उमटली अशी श्रद्धा आहे.

या समाजाच्या धर्मग्रंथात बळीचाच एक भाऊबंद आहे, इफ्ताह. लढाई जिंकलो तर घरी परतताना माझ्या दारातून जे प्रथम समोर येईल ते अर्पण करीन, असा त्याचा नवस. समोर आली ती त्याची एकुलती एक मुलगी. आपल्याकडे अशा कथेतून सत्यवचनाचा गौरव निघाला असता. रब्बींनी उलट इफ्ताहलाच धारेवर धरलं. जे देणार ते न पाहता बोललाच कसा, आणि शब्दातून सुटण्याचा रीतसर मार्ग असताना अहंकारापोटी गेला का नाहीस, असा त्यांचा सवाल. तो मार्गही त्यांनी नेमून ठेवला: तीन माणसांपुढे उभं राहायचं, हे आधी कळलं असतं तर मी नवस बोललोच नसतो असं सांगायचं, आणि त्यांना पटलं तर त्यांनी मोकळं करायचं. मुलगी लहान असेल तर तिचा नवस बापाला रद्द करता येतो, पण ऐकला त्याच दिवशी. नंतर नाही. योम किप्पुरच्या पूर्वसंध्येला ‘कोल निद्रे’ म्हणून नवसांतून मुक्ती मागतात, तीही माणूस आणि देव यांच्यातल्या शब्दांपुरती. दुसऱ्या माणसाला दिलेला शब्द तिने सुटत नाही.

‘ईडी’च्या करारपत्रात या विचाराच्या दोन्ही बाजू आहेत. पालकाची सही हवी, कारण ऐकलं त्याच दिवशी त्याने हो किंवा नाही म्हणायचं आहे. आणि सुटकेची वाटही आहे: महाविद्यालयाने दिलेल्या मदतीत खर्च खरोखर भागत नसेल तर विद्यार्थी मोकळा होऊ शकतो. न्यायालयात खेचण्याचा प्रघात नाही, सगळी मदार अब्रूवर. पण ‘मदत पुरेशी नाही’ हे कारण खरं असलं पाहिजे. मार्चमध्ये जास्त नावाजलेल्या ठिकाणी प्रवेश मिळाला म्हणून डिसेंबरचा शब्द पैशाच्या सबबीवर मोडणं ही सरळ लबाडी आहे. तिची झळ पुढच्या वर्षी त्याच शाळेतून अर्ज करणाऱ्याला लागते, कारण समुपदेशकाच्या सहीची पत त्या दिवशी गेलेली असते.

मराठी माणसाच्या परदेशी शिक्षणाच्या इतिहासात दोन शब्द ठळक दिसतात, आणि दोन्ही आधी देऊन ठेवलेले.

पहिला आनंदीबाई जोशींचा. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला, बदली चौलपासून जवळच्या अलिबागला, तेव्हा आनंदीबाईंचं शिकणं याच किनाऱ्यावर पुढे सरकलं. पुढे अमेरिकेतल्या शिक्षणासाठी मदत मागायला गोपाळरावांनी मिशनरी रॉयल वाइल्डर यांना लिहिलं, तर उत्तरात ख्रिस्ती होण्याचं सुचवलं गेलं. ते दोघांनीही मानलं नाही. २४ फेब्रुवारी १८८३ ला सेरामपूरच्या सभेत आनंदीबाईंनी जाहीर सांगितलं की त्या हिंदू म्हणून जातील आणि हिंदू म्हणूनच परततील. तेव्हा त्यांना महाविद्यालयात प्रवेश मिळालेला नव्हता. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या, जूनमध्ये पोहोचल्या आणि मग फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला अर्ज लिहिला. पात्रतेच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करतो असा दावा त्यात नाही. मित्रांचा आणि जातीचा विरोध ओलांडून इथवर आले, तो निर्धारच माझी लायकी समजा, असा त्याचा आशय. ११ मार्च १८८६ ला त्या एम.डी. झाल्या. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या, ज्यांनी १८८३ मध्येच इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. एकाच सभागृहात दोन वेगळे निर्णय बसलेले. आनंदीबाईंचा शब्द टिकला तो त्यांनी स्वतःहून, स्वतःच्या अटींवर दिला होता म्हणून. त्यातलं मोल त्यांना ठाऊक होतं. थंडी, आजारपण आणि मृत्यू घेऊन आलेला १८८७ चा फेब्रुवारी तेवढा ठाऊक नव्हता.

दुसरा शब्द गरजेपोटीचा. ४ जून १९१३ ला भीमराव आंबेडकरांनी बडोदे संस्थानाच्या करारावर सही केली: कोलंबिया विद्यापीठातल्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, बदल्यात परतल्यावर दहा वर्षं नोकरी. १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते शब्द पाळायला बडोद्याला आले. तिथे त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी सराईतून अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. ते मुंबईला परतले. करार कोणी मोडला? कागदावर पाहिलं तर आंबेडकरांनी. पण नोकरी करायची तर माणसाला डोक्यावर छप्पर लागतं, ही अट कराराने न लिहिता गृहीत धरली होती आणि बडोद्याने पाळली नाही. शब्द देणाऱ्याकडून जितकी निष्ठा मागायची तितकीच घेणाऱ्याकडूनही, हे इथे बळी आणि इफ्ताह यांच्यापेक्षा स्वच्छ दिसतं.

आजच्या महाविद्यालयांना हा निकष लावला तर चित्र संमिश्र आहे. ‘ईडी’ने त्यांची सोय होते. जागा आधी भरतात, काही ठिकाणी निम्म्याच्या वर, आणि येणार कोण हे पक्कं असतं. एव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउझर या अभ्यासकांनी २००३ च्या पुस्तकात दाखवलं की लवकर अर्ज केल्याचा फायदा सॅट परीक्षेच्या सुमारे शंभर गुणांइतका पडतो. हा फायदा घेऊ शकतो तो, ज्याला नोव्हेंबरात किमतींची तुलना करण्याची गरज नाही. २००६ मध्ये हार्वर्डने नेमकं हेच कारण देऊन लवकरचे अर्ज बंद केले, प्रिन्स्टनने साथ दिली. बाकीचे बहुतेक आले नाहीत आणि २०११ मध्ये दोघांनीही ते पुन्हा सुरू केले. २०१९ मध्ये, अमेरिकी न्याय विभागाच्या दबावानंतर, समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या आचारसंहितेतून एक नियम काढला: शब्द दिलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या महाविद्यालयाने फूस लावू नये, हा. म्हणजे पोराने शब्द पाळायचा, मोठ्यांनी त्याला मोहात पाडायला हरकत नाही.

परदेशात राहणाऱ्याला यात आणखी एक गाठ पडते. नियम पत्त्यावर चालत नाहीत, नागरिकत्वावर चालतात. अमेरिकी पासपोर्ट असलेली पुण्यातली मुलगी मदतीच्या हिशेबात तिकडचीच धरली जाते. तिच्याच बाकावरची भारतीय नागरिक मुलगी परदेशी. परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली तर बहुतेक ठिकाणी ती मागणीच निवडीच्या वेळी विचारात घेतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन अशी थोडीच ठिकाणं ती बाजूला ठेवून निवड करतात. महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवरचे खर्चाचे गणकही बहुतांशी अमेरिकी कुटुंबांसाठी बनवलेले असतात. शाळेत असा समुपदेशक नसेल तर तिसरी सही मुख्याध्यापकांची, आणि त्यांनी आयुष्यात हा कागद प्रथमच पाहिलेला असतो.

तेव्हा निवाडा सरसकट देता येणार नाही. ज्या घराला पूर्ण खर्च झेपतो आणि मुलाला ते एकच महाविद्यालय मनापासून हवं आहे, त्याच्या सहीत अधर्म नाही, आणि ती मोडण्याचं कारणही त्याच्याकडे नाही. मदतीवाचून जाता येणार नाही अशा परदेशी कुटुंबाकडून आकडा न दाखवता सही घेणं मात्र अन्याय आहे, मग सुटकेचं कलम कितीही छापलेलं असो. अशा पालकांनी ऑक्टोबरातच महाविद्यालयाच्या मदत कार्यालयाला ईमेल करावा, परदेशी नागरिकासाठी अंदाज लेखी मागावा. काही महाविद्यालयं तो अर्जाआधी देतातही. उत्तर आलं नाही तर नोव्हेंबरचा अर्ज सोडून द्यावा. जानेवारीचा खुला असतो, त्याचा निकाल मार्चअखेर येतो आणि १ मेपर्यंत सगळी मदतपत्रं शेजारी ठेवून ठरवता येतं.