योगक्षेम कोणी वाहायचं? (गीता ९.२२)



आजचा श्लोक नवव्या अध्यायातला बाविसावा. पाठ नसेल तरी त्याचा शेवटचा चरण तुम्ही शंभर वेळा पाहिलेला आहे. घरातल्या कपाटात आईबाबांची एलआयसीची पॉलिसी असेल तर काढून बघा. दोन हात, मधे तेवणारी ज्योत, आणि खाली तोच चरण. १९५६ साली महामंडळ स्थापन झालं, आणि मुंबईत नरिमन पॉइंटला त्यांच्या मुख्य कार्यालयाच्या इमारतीचं नावच 'योगक्षेम' आहे. भगवंताने भक्ताला दिलेला शब्द विमा कंपनीने बोधवाक्य म्हणून घेतला. मला पूर्वी याची गंमत वाटायची. आता वाटतं, ज्याने कोणी ते निवडलं त्याला श्लोक बऱ्यापैकी कळला होता.

शब्दाचा अर्थ आचार्यांनी सरळ करून ठेवलाय. योग म्हणजे जे नाही ते मिळणं, क्षेम म्हणजे जे मिळालंय ते राखणं. अनन्य होऊन जे माझी उपासना करतात त्यांची ही दोन्ही ओझी मी वाहतो, असं भगवान म्हणतात. मग प्रश्न येतोच. ओझं त्याने घेतलं असेल तर आपण एफडी का करायची? आणि करत असू, तर आपला विश्वास कच्चा म्हणायचा का?

हा प्रश्न माझ्यासाठी गेल्या वर्षी एकदम खरा झाला. इनामगावच्या काकांनी विचारला. इनामगाव म्हणजे शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं. काका रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पंचवीस वर्षं फिटर होते. अठ्ठावन्न पूर्ण झाली, रिटायर झाले. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून साडेबावीस लाख हातात आले. गावाकडे दीड एकर रान, विहीर भावकीतली, पाणी पाळीने. पेन्शन महिन्याला तीन हजारांच्या आतबाहेर. (खाजगी नोकरीतल्या पेन्शनचं गणित ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पगार कितीही असो, २०१४ पासून पंधरा हजारच धरतात, त्याआधी साडेसहा हजारच धरायचे. म्हणून आकडा असा येतो.)

काकांनी आठ दिवसांत वाटणी ठरवून टाकली. पंधरा लाख मुलाला, वाघोलीतल्या फ्लॅटसाठी. चार लेकीला. साडेतीन विठ्ठलमंदिराच्या सभामंडपाला. बेरीज करून बघा, बाकी शून्य. "मला काय करायचेत पैसे? पांडुरंग आहे की." काकी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "तुम्हाला पांडुरंग हाय. मला कोन हाय?" आणि माझ्याकडे बघून, "तू रोज गीतेवर लिहितोस ना बाबा, मग सांग यांना."

सांगणार काय? काका ढोंगी नाहीत. पंचवीस वर्षं आषाढीची सुट्टी त्यांनी कधी सोडली नाही. आणि शास्त्रात त्यांच्या बाजूचंही भरपूर आहे. दुसऱ्या अध्यायात, पंचेचाळिसाव्या श्लोकात, भगवान अर्जुनाला चक्क निर्योगक्षेम व्हायला सांगतात. मिळवणं-राखणं या भानगडीतून सुट म्हणतात. एकीकडे तू सुट, दुसरीकडे मी वाहतो. दोन्ही जोडले की काकांचंच म्हणणं खरं वाटायला लागतं.

पण नवव्या अध्यायातल्या याच श्लोकावर ज्ञानोबा दृष्टांत कुणाचा देतात? पंख न फुटलेल्या पिलांसाठी जगणाऱ्या पक्षिणीचा. हा दृष्टांत आपण नेहमी पिलाच्या जागी बसून ऐकतो. चोच उघडायची, दाणा येणार. एकदा पक्षिणीच्या जागी बसून ऐका. ती दिवसभर रानोमाळ दाणे शोधते, एकही स्वतःसाठी नाही. काकींच्या बाबतीत ती पक्षिणी कोण? भगवंत वाहतो हे खरं, पण आजवर तो काकींचं ओझं काकांच्या हातांनी वाहत आला. काकांनी हात झटकले तर ते समर्पण म्हणायचं, की देवाने दिलेली ड्युटी सोडणं?

बृहदारण्यकात याची जुनी केस आहे. याज्ञवल्क्य घर सोडून निघतात, आणि निघण्याआधी मैत्रेयीला बोलावून सांगतात की तुझी आणि कात्यायनीची वाटणी करून देतो. पुढचा संवाद सगळ्यांना माहीत आहे. मैत्रेयी विचारते, धनाने भरलेली पृथ्वी मिळाली तरी मी अमर होईन का? ते म्हणतात, नाही, साधनसंपन्न माणसाचं जगणं असतं तसं तुझं होईल, एवढंच. मग ती धन नाकारते आणि ज्ञान मागते. प्रवचनं मैत्रेयीवर होतात, मुलींची नावं मैत्रेयी ठेवतात. कात्यायनीचं नाव मी अजून एकाही मुलीचं ऐकलं नाही, देवीच्या नवरात्रातल्या रूपावरून ठेवलेलं सोडलं तर. पण मला याज्ञवल्क्यांचं मोठेपण तिथेच दिसतं. एवढा ब्रह्मज्ञानी, त्याने 'ब्रह्म बघून घेईल' असं म्हटलं नाही. आधी वाटणी, मग वन. आणि धन नाकारलं ते मैत्रेयीने स्वतः. तिच्या वतीने त्यांनी नाकारलं नाही.

तुकोबांचंही असंच. दुष्काळानंतर कर्जखतं इंद्रायणीत बुडवली ही गोष्ट आपण वैराग्याची म्हणून सांगतो. तिचा अर्धा भाग घाईत सुटतो. परंपरा सांगते की आधी कान्होबांशी वाटणी झाली, आणि बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची खतं. भावाची त्याच्या हातात दिली. त्याला ती वसूल करायची असतील तर तो मोकळा.

मी काकांना एवढंच म्हटलं. "काका, तुमच्या वाट्याचं तुम्ही इंद्रायणीत टाका. काकीचं तिला विचारून."

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पैसा तर माझ्या नावावर आलाय." कायद्याने बरोबर. पण पंचवीस वर्षं पहाटे चारला उठून फर्स्ट शिफ्टचा डबा कोणी भरला, याची नोंद पीएफच्या पासबुकात नसते.

मुलाच्या पंधरा लाखांबद्दल मी जरा कडक बोललो. सतराव्या अध्यायात दानाचे प्रकार आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं ते सात्त्विक. बदल्यात काही मिळावं म्हणून दिलेलं ते राजस. काकांना विचारलं, "पोराला देताय, उद्या त्याने सांभाळलं नाही तर वाईट वाटेल का?" म्हणाले, "म्हणजे काय! सांभाळणारच की." म्हणजे अपेक्षा आहे. असू दे, बापाने मुलाकडून अपेक्षा ठेवण्यात काही पाप नाही. पण मग त्याला दान म्हणू नये. तो व्यवहार आहे, आणि व्यवहार लिहून करावा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ याचसाठी आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट मोडली, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. मात्र अट आहे हे दिसायला हवं. कायदा म्हणतो अट असेल तर लिही, गीता म्हणते अट असेल तर दान म्हणू नकोस. माझ्या मते दोघं एकच सांगतायत. आपण मात्र तिसरंच करतो. तोंडाने दान म्हणतो, मनात अट ठेवतो, आणि दहा वर्षांनी कीर्तनात कलियुगातल्या मुलांवर मान हलवतो.

आता इनामगावचंच एक सांगतो. गावाजवळ पांढरीचं टेकाड आहे. तिथे १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी उत्खनन केलं. साधारण इसवी सन पूर्व १६०० ते ७०० एवढ्या काळातली शेतकऱ्यांची वस्ती निघाली. सव्वाशेच्या वर घरं. घरांतून धान्याची पेवं, चुन्याने लिंपलेली, आणि कणग्यांच्या बैठका. पाच खोल्यांचं एक मोठं घर, मुखियाचं असावं असं मानतात, त्याला लागून धान्याचं कोठार. आणि एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची डबी सापडली, तिच्यात बिनडोक्याची देवीची मूर्ती, झाकणावर दुसरी देवी आणि एक बैल.

मला ही डबी फार आवडते. त्या माणसांनी जमिनीत धान्य पुरलं आणि जमिनीतच देवी पुरली. पेव आहे म्हणून देवी नको, असं झालं नाही. देवी आहे म्हणून पेव नको, असंही झालं नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही, नाहीतर मी म्युच्युअल फंडाचा एजंट वाटायचो. इसवी सन पूर्व १००० नंतर पाऊसपाणी बिघडलं. मोठी चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या, माणसं जनावरांच्या मागे फिरायला लागली. इसवी सन पूर्व ७०० च्या सुमारास वस्ती उठली. कोठार होतं, तरी उठली. निर्योगक्षेम हो म्हणतात ते मला इथे कळतं. पेव भरायचं, पण पेव आपल्याला वाचवणार असं मानायचं नाही. बँकेत नॉमिनीचा फॉर्म भरतो ना आपण? नॉमिनी मालक नसतो, ज्यांचं आहे त्यांच्यासाठी तो रक्कम हातात घेतो. स्वतःच्या पैशाकडे नॉमिनीच्या नजरेने बघता आलं तर पंचेचाळिसावा श्लोक बराचसा जमला.

शेवटी ठरलं ते असं. दहा लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, काका-काकींच्या जोड नावाने. साठ पूर्ण नसली तरी पंचावन्ननंतर निवृत्त झालेल्याला पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत हे खातं उघडता येतं, ही मुदत लक्षात ठेवा, पुष्कळ जणांची चुकते. ८.२ टक्क्याने तिमाहीला साडेवीस हजार येतात. पाच लाख मासिक प्राप्ती योजनेत, एकट्या काकीच्या नावाने. ७.४ टक्क्याने महिन्याला तीन हजारांच्या थोडे वर. त्या पासबुकावर सही करताना काकीचा हात थरथरत होता. तिच्या एकटीच्या नावाचं हे पहिलंच खातं. मुलाला पाच लाख, परत मागायचे नाहीत या बोलीवर. दोन लेकीला. सभामंडपाला पन्नास हजार, आणि ते काकीला विचारून. तिने खरं तर लाख म्हटलं होतं, काकाच नको म्हणाले!

सगळं गोड झालं असं नाही. मुलगा म्हणाला, "म्हणजे तुमचा आमच्यावर विश्वास नाही." फ्लॅटचं बुकिंग त्याला सोडावं लागलं. दोन महिने फोन कमी झाले. त्याचं दुखणंही खोटं नव्हतं, त्याला आधी शब्द गेला होता. मी त्याला म्हटलं, दादा, आईबापाला तुझ्याकडे हात पसरावा लागणार नाही, म्हणजे तू जे करशील ते प्रेमाने करशील, भीडेने नाही. त्याला पटलं का? माहीत नाही. दिवाळीला आला, राहिला, पैशाचा विषय कोणी काढला नाही.

एक गोष्ट मात्र काकांना अजून जमलेली नाही. ती पैशाची नाही, मोटरसायकलची आहे. गाडीला पंधरा वर्षं होतील, आरसी पुढच्या पाच वर्षांसाठी करून घ्यायची तर आरटीओत तपासणी. लायसन्स पंचावन्ननंतर एका वेळी पाच वर्षांचंच मिळतं, आणि त्याला डॉक्टरांचा दाखला लागतो. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. गळीत हंगामात न्हावऱ्याच्या रस्त्याला रात्री उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात, मागे लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, आणि काका भजन संपवून साडेदहाला तिथूनच येतात. काकी म्हणते एसटीने जा. तिला २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, काकांना पासष्टपर्यंत पूर्ण. "पुरं तिकीट काढून मी उभा राहू आन् तू अर्ध्या तिकिटात बसणार?" असा त्यांचा युक्तिवाद.

साडेबावीस लाख एका दमात सोडायला निघालेला माणूस. मी विचार केला, हे कसं? मग लक्षात आलं की पैसा त्यांच्या हातात कधी नव्हताच, तो कागदावरचा आकडा होता. गाडी मात्र रोज सकाळी एका किकमध्ये सुरू होते. क्षेम शब्दात जे राखणं आहे ते माणूस बहुतेक अशाच ठिकाणी करतो, जिथे शास्त्राचा हात पोचत नाही. तुमच्याकडे अशी किल्ली कोणती, ते बघा. पंचविशीतही असते.

काकांनी डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख घेतलीय, वारीनंतरची. तोवर अंधार पडायच्या आत घरी, एवढं कबूल केलंय. भजनी मंडळाने वेळ साडेपाचची करावी म्हणून सध्या त्यांची खटपट चालू आहे.

उद्या श्लोक तेविसावा.

राम कृष्ण हरी.