चाकणचा अर्धा तास

पोलंडातील क्राको पाहावयाचे तर आमचे चिंचवडकर मित्र महिनाभर आधी पुस्तके चाळतात. चाकणचा संग्रामदुर्ग मात्र कारखान्याच्या वाटेवरचा, म्हणून रविवारच्या सहलीत त्यास अर्धा तास! १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी हा भुईकोट शाएस्तेखानाच्या अफाट फौजेविरुद्ध सुमारे दोन महिने लढविला. सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हाच तो हातचा गेला. आज उरली आहे थोडी तटबंदी नि खंदकाच्या खुणा. वेळ अपुरा असणे हा दोष नव्हे. नोकरदारास रविवार तो एकच. परंतु क्राकोचा वावेल राजवाडा आपली ओळख स्वतः करून देतो. पडक्या बुरुजाच्या वतीने मात्र पाहणाऱ्यासच बोलावे लागते. तेव्हा निघण्यापूर्वी मुलांस वेढ्याची हकीकत सांगावी. मग अर्ध्या तासाविषयी आमची तक्रार नाही.